तासाला किती

पाणी येणार म्हणून घागरी रांगेत,
आणि मिसरीच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये
माझा भाऊ नरहरी,
श्टुटगार्टच्या एका हॉटेलच्या मागच्या दारी,
कोपरापर्यंत साबण.

"गंटकू एंता?" आई विचारते.
तासाला किती.
पैशाचं सगळं ती तेलुगूतच विचारते.

तो सांगतो. आधी युरोत, मग रुपयांत.
सुपावरची कात्री थांबते.
"म्हणजे पाच हजार विड्या," ती म्हणते.
"पाच दिवस.
कारखान्यात छाट काढली नाही तर."

मल्लेशम काका उंबऱ्यावरूनच भांडतात.
लूम विकल्यापासून त्यांना दुसरा धंदा नाही:
"असं रुपयांत करायचं नसतं गं!
तिकडं खोलीचं भाडं विचार.
कटिंग विचार, कटिंग!"

कटिंगला तिकडं दोन तासांची भांडी.
इकडं पाचशे विड्या, म्हणजे अर्धा दिवस.
काका बोटं मोडत बसतात.
नरहरी टोपी काढून दाखवतो:
केस रूममेटनं कापलेत,
एका कानावर जास्तच.

शेजारची अंबव्वा विचारते,
तिथं गरीब कुणीच नसेल, नाही रे?
तो फोन फिरवतो.
कचऱ्याच्या पेटीत हात घालून
एक म्हातारा रिकाम्या बाटल्या वेचतोय.
अंबव्वा बराच वेळ बघते.
"कोट चांगला आहे," म्हणते.

मी टॉवेलच्या कारखान्यात लेबलं शिवते,
अक्कलकोट रोडला. किंमत तिकडच्या पैशात छापलेली,
ती उलटी धरूनच शिवायची सवय लागलीय.
मी म्हटलं, तुमच्या हॉटेलातले टॉवेल कुठले?
तो आत जाऊन आला.
"आपले नाहीत. कराची लिहिलंय."
बरं वाटलं की वाईट, कळलं नाही.
तिथंही कुणीतरी उलटं धरून शिवत असेल.

मग त्यानं सहज विचारलं,
"आई, तुझे तासाला किती होतात?"

आई गप्प.
तिला हजाराचा भाव पाठ आहे,
पुड्यात पानं किती कमी भरतात ते पाठ,
दोऱ्याचं रीळ किती दिवस पुरतं ते पाठ.
पण हजाराला तास किती?
मधे भात उतरवायचा,
मधे नळ,
मधे अंबव्वाच्या नातवाला झोळीत झोका,
पायाच्या अंगठ्यानं, हात न थांबवता.
"तास कुणी विचारलेच नाहीत रे," म्हणाली.

तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, आलं, आलं.
फोन तसाच राहिला डब्याला टेकून,
आमच्या छताचा पत्रा बघत.

दुसऱ्या दिवशी तिनं
सुपाशेजारी गजराचं घड्याळ आणून ठेवलं.
रात्री मी विचारलं, किती तास झाले?

म्हणाली, बघायला वेळच मिळाला नाही.