नामंजूर

गुरुवारी रात्री अकरा-चाळीसला
बँक म्हणाली, कार्ड नामंजूर.
लाल अक्षरांत, कारण न देता.
मग पेटी मी दुसरीला दिली,
चिराबाजारातली तरतरीत पोर, रोख मोजून घेतले.
डबल रीड, सागवानी, भाता नवा,
काळी चार जरा उतरलेली, तेही सांगून.

रविवारी पोहे परतताना फोन किणकिणला:
अठरा हजार चारशे जमा.
विश्राम पाटकर, भांडुप.

बँक म्हणाली, गेटवेला विचारा.
गेटवेची मुलगी नम्र होती,
तिने तीनदा माझं नाव विचारलं
आणि तक्रारीला एक नंबर दिला,
पाठ करता येणार नाही इतका लांब.

पाटकर म्हणाले, अहो, मला वाटलं गेलेच नाहीत पैसे.
कार्डातच नसतील म्हटलं, महिनाअखेर.
बायकोला सांगून टाकलं, नाही जमत.
ती काही बोलली नाही.
पेटीसाठी मोकळ्या केलेल्या कोपऱ्यात
तिने इस्त्रीचं टेबल सरकवलं.

परतीला सात दिवस, कामकाजाचे.
कुणाच्या कामकाजाचे, ते लिहिलेलं नाही.

पैसे मी पाठवीन हो, पै न् पै.
पण ते "नाही जमत",
जे घरात बोलून झालं,
ते कुणाच्या नावे टाकायचं?
बँकेच्या? गेटवेच्या?
की माझ्या, जिने शुक्रवारची सकाळही
थांबून पाहिलं नाही?

पाटकर फोन ठेवत नाहीत.
मागे इस्त्रीची वाफ सुटते आहे,
रीड काढून घेतलेल्या पेटीचा
भाता कुणी दाबत राहावं, तशी.