तहकूब

चुन्याची वर्तुळं मीच काढली होती सकाळी,
सुतळीनं मापून,
प्रत्येक खुर्चीला एक, मधे सहा फूट.
नगरपालिकेची विशेष सभा. विषय एकच:
टाळेबंदीची मदत, सरकारचं मोठं पॅकेज,
निपाणीच्या वाट्याला किती, आणि कुणाला.

अर्ध्या तासात खुर्च्या सरकल्या.
भिंतीकडं सत्ताधारी, खिडकीकडं विरोधक,
गुडघ्याला गुडघा, मास्क हनुवटीवर.
मधली फरशी तेवढी मोकळी राहिली,
बारा फूट, जास्तच.
तिथून पलीकडं जायचा धीर
विषाणूलाही झाला नसता.

चौगुले म्हणाले, आधी अभिनंदनाचा ठराव.
मगदूम उठले: अभिनंदन कशाचं? दोन हजारांत
गॅसची टाकी येते, आणि उरतं ते रडायला.
चौगुले: कर्ज काढून दिलेत. फेडणार कोण, तुमचा मामा?
मगदूम: पिशवीवर फोटो छापताना
कर्ज आठवलं नाही?
मग कुणीतरी कोगनोळी नाक्याचं काढलं,
पलीकडं कागलात काय वाटलं, काय नाही.
मग कुणीतरी छप्पन्न सालात गेलं
आणि तिथून परत कुणी आलंच नाही.

मी इतिवृत्त लिहितो.
भांडण मराठीत, वही कानडीत.
शिवीला मी 'आक्षेप' लिहितो,
टेबलावर आपटलेल्या मुठीला 'चर्चा'.
हे शब्द दोन्हीकडं जवळपास सारखेच, म्हणून
वीस वर्षं कुठं अडलं नाही.

यादी माझ्यासमोर होती, वरून आलेली:
न्हावी, परीट, शिंपी, रिक्षावाला, चांभार, हमाल.
दोन्ही बाजूंनी ती हवेत फडकवली,
वाचली कुणीच नसावी.
विडीवाली त्यात नव्हती.
निपाणीच्या यादीत विडीवाली नाही,
म्हणजे तवंदीच्या घाटात
वळण नाही म्हणण्यातला प्रकार.

पाणी प्यायला बाहेर आलो
तर जिन्यात तंगेव्वा घस्ते, मांडीवर सूप,
ओल्या फडक्यात पानं, बोटाला दोरा.
सभात्याग केलेले खाली निघाले होते
आणि त्यांना समजवायला सत्तेतले दोघं.
सगळे तिला ओलांडून गेले, धोतर-पँट उचलून,
सुपाला पाय लागू नये म्हणून.
त्या दिवशीचं एकमत तेवढंच.
वहीत ते घेता आलं नाही.

"काय झालं वर?"
एक ठराव, एक उपसूचना, एक सभात्याग, म्हटलं.
"आणि तुमचं?"
"सातशे. पानं सपली, न्हाईतर हजार हुतं."
विडीचं तोंड नखानं दुमडत,
वर न बघता:
"आमचं नाव लिवलं काय, सायेब?"

बघू, म्हटलं.
कानडीत त्याला नोडोणा म्हणतात.
दोन्ही भाषांत त्याचा अर्थ काय होतो
ते तिला माझ्याआधीपासून माहीत असणार,
कारण तिनं पुढं काही विचारलं नाही,
सूप झटकलं, तंबाखूचा चुरा उडाला,
मला शिंक आली, मी मास्क सावरला.

संध्याकाळी सभा तहकूब. पुढची तारीख नंतर कळवू.
पंखे बंद केले. वर्तुळं पुसायला
शिपायाला सांगितलं, तो उद्या म्हणाला.
मग यादी घेतली आणि हमालाच्या खाली
सातवा धंदा लिहिला.

पेन्सिलीनं.
नोकरीची अजून चार वर्षं आहेत.