सामाईक भिंत

हॅलिफॅक्समधल्या या घराच्या दोनच भिंती आमच्या,
पुढची आणि मागची.
बाजूच्या दोन्ही सामाईक.
डावीकडून अ‍ॅक्रॉइडबाईंचा खोकला येतो,
घोड्यांच्या शर्यतीचं समालोचन,
पहाटे नळाची शिट्टी.
म्हणून महिना तीन पौंडांची जागा घेताना
‘इतर ग्राहकांसोबत वाटून’ हे वाचलं
आणि मला काहीच वाटलं नाही.

फायली चढू लागल्या. एकोणीसशे आणि वर काही.
लग्नघरातली भांडी मोजून घ्यावीत
तशी मी एकेकीचं नाव वाचत बसले.
चहा झाला, निवला, पुन्हा झाला.

मग डेटाबेस. नाव दिलं ‘शेवाळ’.
यंत्रानं त्याच्यापुढे माझ्या खात्याचं नाव जोडलं,
सासरचं आडनाव लावतात तसं,
न विचारता.

‘डेटाबेसशी संपर्क होऊ शकत नाही.’
अठरा वेळा.
सपोर्टवर कुणी डॅरन होता.
होस्टच्या रकान्यात काय आहे?
लोकलहोस्ट.
मग बरोबर आहे.
बरोबर असून चालत नाही, याला तुमच्याकडे काय म्हणतात?
मंगळवार, तो म्हणाला.

पासवर्डच्या शेवटी एक रिकामी जागा होती.
कॉपी करताना चिकटून आलेली.
नखानं खरवडावी तशी काढली.

वर हेरंबची बाविसावी वही चालू.
काल्डरकाठच्या दगडी कुंपणांवरचं शेवाळ:
तारीख, उतार, ओल,
भिंगातून बघून काढलेली पेन्सिलची चित्रं,
सगळं मराठीत.
कोण वाचणार, असं तेवीस वर्षं म्हणतोय
आणि लिहितोय.

साडेअकराला पान उघडलं.
कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं, नमस्कार,
आणि खाली बारीक अक्षरांत:
अवर्गीकृत.

हेरंब चष्मा कपाळावर चढवून वाकला.
“हे कोणी लिहिलं?”
“ते असतंच. आपण काही लिहायच्या आधीपासून.”
नमस्कार मी पुसला.
दुसऱ्या शब्दावर बाण नेला तर त्यानं माझं मनगट धरलं.
“हे राहू दे.
वेनस्टॉल्सच्या पुलाखालचं ते एक आहे ना अजून,
त्याला लागेल.”

मग स्वतःच खुर्ची ओढली
आणि पहिली वही आणायला विसरून
नुसताच बसला.

पलीकडे अ‍ॅक्रॉइडबाईंनी दिवा घालवला.
खटका आमच्याकडे ऐकू आला.