जार

मत्राहच्या रस्त्यावर पोलिसांनी काँक्रीटचे ठोकळे ठेवले
त्या दिवशी माझ्याकडे होतं
दीड किलो पीठ, कराडहून आणलेली शेंगदाण्याची चटणी
आणि कंपनीचा निरोप : पुढील सूचना मिळेपर्यंत.
खोलीतल्या दोघीजणी शेवटच्या विमानाने गेल्या.
मी म्हटलं, आठवड्याचा तर प्रश्न आहे.

आठवड्याला पिल्लं झाली.

बाल्कनी नाही. एक खिडकी,
आणि गल्लीपलीकडे, चार हातांवर, दुसरी.
ती उघडी असते हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं,
कारण मीच माझी उघडली नव्हती.
एसी लावणाऱ्याला शेजार नसतो.

दहाव्या दिवशी एसी बिघडला,
दुरुस्त करणारा ठोकळ्यांच्या पलीकडे.
खिडकी ढकलली तर समोर एक म्हातारी
कठड्यावर लिंबं वाळत घालत होती.
मला बघून म्हणाली, जणू उशीर मीच केला होता,
"अच्छा. तो तू है."

जुवैना. तिचं हिंदी जुन्या व्हिडिओ कॅसेटींतून आलेलं,
त्यामुळे कांदा मागतानाही
ती कोर्टात उभी असल्यासारखी बोलायची.
झाडूच्या दांड्याला पिशवी अडकवून मी थालीपीठ पाठवलं.
पिशवी परत आली काळी, टणक लिंबं घेऊन.
मी ती आमटीत टाकली.
कडू झाली. खाल्ली.

तिच्या बरोबर खाली शोफिकुल,
नोआखालीचा शिंपी. दुकानाला कुलूप, मशीन खोलीत,
उजेडासाठी खिडकीशी वाकून मास्क शिवायचा,
म्हणून मला त्याचं फक्त डोकं ठाऊक,
त्यावरचे दोन भोवरे.
"आमच्यात म्हणतात, दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं,"
मी वरून सांगितलं.
"एकासाठीच सुट्टी मिळेना, आपा," खालून उत्तर.

रमजानातल्या एका दुपारी जुवैना
माझ्याकडे बोट दाखवून फोनवर कुणाला सांगत होती,
जार, जार.
मी दचकले.
आमच्याकडे हा शब्द बाईच्या उंबऱ्यावर पडला
तर घर मोडतं.
तिला समजावलं, निम्मं हिंदीत, निम्मं हातवाऱ्यांनी.
ती इतकी हसली की तीन लिंबं गल्लीत पडली.
अगं, जार म्हणजे बाजूला राहणारं माणूस!
शोफिकुलही मशीन थांबवून हसला,
त्याला काय कळलं देव जाणे.

रात्री पडल्यापडल्या लक्षात आलं :
शेजार.
आमच्याही शब्दात तो बसलेलाच होता की,
'शे'च्या आडोशाला, गुपचूप,
चाळिशी उलटेपर्यंत मी त्याला हाक मारायची राहिले.

मग एका शनिवारी मशीन वाजलं नाही.
रविवारी नाही.
पहाटे पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली होती,
जुवैना म्हणाली. या वेळी कॅसेटीतल्या आवाजात नाही.
त्याचा नंबर आमच्याकडे नव्हता,
लागलाच नव्हता, हाक पोचत होती.
आम्ही दोघी समोरासमोर जेवायचो,
खाली बघायचं नाही असं न ठरवता ठरलेलं.
दोरीवर त्याने अडकवलेला एक मास्क, एकच नाडी लावलेला,
उन्हाने एका बाजूने विटत गेला.

ठोकळे हटले त्या आठवड्यात
मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर एक उंच माणूस
माझ्यासमोर येऊन थांबला.
मास्कवर खोल गेलेले डोळे,
शर्ट खिळ्याला टांगल्यासारखा खांद्यांवर.
मी बाजूला झाले. तो हलेना.
माझ्या कोपराकडे, तव्याने भाजल्याच्या डागाकडे बघत म्हणाला,
"दोन महिने खालून हाच बघत होतो, आपा."

आवाज बसलेला होता, कुणाचाही असू शकला असता.
मी म्हटलं, "वाक."
भर बाजारात, सुरमईच्या टोपल्यांमध्ये,
तो वाकला,
आणि मी सहा फुटांवरून मोजले.