दहापर्यंत

बाई म्हणाल्या, गप्प बसायला शिका.
मला! नदीकाठच्या मासळीबाजारात वीस वर्षं
ज्याच्या आरोळीवर गिऱ्हाईक पूल ओलांडून येतं,
त्या एलिसेओला.

वाल्दिविया शहरात, दवाखान्याच्या मागच्या अंगाला
त्यांची खोली. एक सतरंजी, साबणाच्या फुग्यांची बाटली,
झाकण मुद्दाम घट्ट लावलेला डबा
आणि खुर्ची एकही नाही. "खाली या," यास्नाबाई म्हणाल्या,
"तिला तुमचे गुडघे पाठ झालेत, तोंड नाही."

रायेन चार वर्षांची.
माझ्या आईच्या मापुचे बोलीत या नावाचा अर्थ फूल.
कान तपासून झाले, नीट आहेत. समजतंही सगळं:
बूट म्हटलं की बूट आणते, दोन्ही डावे का असेनात.
फक्त शब्द निघत नाही. ओठांपर्यंत येतो
आणि दार वाजवायच्या आतच
पाहुण्यानं मागे फिरावं तसा जातो.

मी काय करायचो? पेला उंच धरायचो.
"पाणी म्हण. म्हण ना. पा-णी."
ती आधी पेल्याकडे बघायची, मग माझ्या हाताकडे,
मग कुठेच नाही.
बाईंनी हे एकदा पाहिलं. रागावल्या नाहीत.
"दिवसाला किती प्रश्न विचारता हो तिला?
मोजा." मोजले. दुपारपर्यंत एकशे बारा.
उत्तरापुरती जागा ठेवलेला
एकही नव्हता.

मग गृहपाठ मिळाला, तो मलाच.
विचारू नका, सांगत राहा: पाणी ओततोय. गार आहे पाणी.
ती जिकडे बघते त्याचं नाव घ्या,
तुम्हाला शिकवायचंय त्याचं नको.
बोट दाखवलं, चित्र पुढे केलं, बाही ओढली,
हे सगळं बोलणंच, लगेच ऐका.
फुगा एकच उडवा. मग थांबा.
भुवया वर, तोंड बंद, मनात दहा.

दहा आकडे किती लांब असतात
हे सुटे पैसे मोजताना कळत नाही.
तिसऱ्याला जीभ खाजते. पाचव्याला वाटतं, आपण निर्दय.
सातव्याला बायको आठवते,
पुएर्तो मोंतच्या साल्मन कारखान्यात रात्रपाळीला,
दर रविवारी फोनवर एकच विचारणारी: काही बोलली?
आठव्याला मी बहुतेक वेळा हरतो.

गुरुवारी तिला बाजारात नेलं.
ओट्यामागे, पाण्याच्या कडेला, समुद्रसिंह बसलेले,
ओल्या मिशांचे, निवृत्त हवालदारांसारखे.
माशाचं एक मुंडकं भिरकावलं. एकानं वरच्या वर झेललं.
रायेन पोट धरून हसली.
दुसरं हातात घेतलं आणि थांबलो.
समोर गिऱ्हाईक उभं. "सिएरा कशी दिली?"
मी गप्प. शेजारच्या ओट्यावरच्या दोमितिलानं
माझ्या कपाळाला हात लावून बघितला.
चार. पाच. रायेननं बाही ओढली.
तेव्हाच द्यायला हवं होतं, मला ठाऊक आहे.
पण हाव सुटली होती मला.
आठ. नऊ.

"मा."

आता हे काय समजायचं?
"मास" असेल, म्हणजे आणखी. आमचं सगळं शहर
शब्दाच्या शेवटचा स गिळतं, तिनं एकटीनंच का म्हणावा?
की ममा, अर्धी?
की "मार", समुद्र, जिकडे ही नदी रोज जाते?

शुक्रवारी बाईंना विचारलं.
त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुम्ही काय केलंत?"
मुंडकं टाकलं. म्हटलं, आणखी. आणखी मासा.
"मग झालं तर. ते आणखीच होतं."
आणि वहीत काहीतरी लिहिलं, मला दाखवलं नाही.

रविवारी फोन. मागे यंत्रांची घरघर.
काही बोलली?
मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं.
मग फोन रायेनच्या गालाशी धरला
आणि जरा लांबूनच बायकोला म्हटलं,
"आता तू काही विचारू नकोस.
मोज."