उतारा

नोरीन टास्कर, वय एकाहत्तर.
ग्रिम्सबीच्या शाळेपुढे बावीस वर्षं
हातात 'थांबा'ची पाटी धरून मोटारी अडवल्या हिनं.
आता माझ्या खुर्चीत आडवी, आ वासून,
आणि पडद्यावर तीन चौकोन:
हिरवा, पिवळा, लाल.

आरशानं गाल बाजूला सारते.
आरसा गालाला चिकटतो, सोडता सुटत नाही.
अर्धं इथंच कळतं.
ओल हवी तिथं कोरड,
आणि हिरड्या उतरल्यात तिथं, मुळांवर,
गुळाच्या रंगाचे मऊ डाग. चार.
गोळ्या कुठल्या घेता?
रक्तदाबाची, झोपेची,
आणि एक, जिचं नाव ती खिडकीकडे बघत सांगते.

साखर किती खाता, असं विचारायचं नसतं.
विचारायचं, किती वेळा.
वाटीभर एकदाच खाल्ली तर तोंड निस्तरतं तासाभरात.
चिमूट चिमूट दिवसभर, म्हणजे
पाहुणा उठायचं नावच घेत नाही.
घरानं निजायचं कधी?

"गोड मला आवडतच नाही," ती म्हणते.
कोटाच्या खिशात कागद वाजतो.
मिंट. तोंड सुकतं म्हणून.

चार दिवसांचा तक्ता देते, जे तोंडात जाईल ते लिहा.
लोक इथं खोटं लिहितात, सफरचंदं लिहितात.
हिनं सगळं खरं लिहिलंय, शाळेतल्या अक्षरात:
सोमवार, सात दहा. चहा, दोन चमचे.
साडेआठ. शाळेची वेळ. खिडकीत उभी. मिंट, मिंट.
रात्री तीन वीस. अर्धी मिंट. उरलेली कागदात परत.
गुरुवार. फोन वाजला. चुकीचा नंबर. मिंट.

दिवसाला एकोणीस वेळा.
लाल.

लाल दाबताना मला बाबा आठवतात,
शिरोळकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट.
हंगामात पहाटे फोन यायचा, उतारा किती?
बारा पूर्णांक एक, म्हणताना आवाज चढायचा त्यांचा.
शंभर किलो उसामागं बारा किलो साखर,
त्यातली काही पोती माझ्या डेंटल कॉलेजची फी.
साखरेनं शिकवलं मला,
आणि शिकले काय,
तर साखरेवरचा उतारा.

जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून देते, पाच हजारवाली.
मुळांवर ब्रशनं पिवळं व्हार्निश फिरवते,
तिच्या डॉक्टरला गोळ्यांबद्दल पत्र टाकते.
रात्री घासा, थुंका, पण चूळ भरू नका.
हे सांगताना दरवेळी जीभ अडते.
खळखळून चूळ भर गं, आई मोरीच्या दारातून ओरडायची,
तिच्याविरुद्ध साक्ष दिल्यासारखं वाटतं.
मिंट सोडा, म्हणत नाही.
म्हणते, जेवणाबरोबर खा. मधल्या वेळी पाणी,
नाहीतर बिनसाखरेचा च्युइंगगम.

"आणि साडेआठला?"

साडेआठवर माझ्याकडं औषध नाही.
गमच, म्हणते. ती हसते, ओठ मिटून.

तीन महिन्यांनी येते, गाल लाल, बाहेर हंबरवरचा वारा.
डाग तेच चार, पण आता काळे, टणक, चकचकीत.
काळं पडलं की चांगलं, असं क्वचित कुठं असतं.
माझ्या कामात असतं.
नवा एकही नाही.
साडेआठचं काय झालं, विचारते.
"शाळेत जाते. नाश्त्याला येणाऱ्या पोरांना टोस्ट देते.
जॅम लावते, चाटत नाही."

मी चौकोन बदलते, लालचा पिवळा,
पडदा तिच्याकडं वळवते.
ती चष्मा चढवून बघते, मग मलाच बजावते,
"पिवळा म्हणजे जा नव्हे. पिवळ्यालाही थांबायचंच असतं.
बावीस वर्षं हेच सांगत होते मी, कुणी ऐकायचं नाही."

आमच्याकडं चांगली बातमी आणणाऱ्याला म्हणतात,
तुझ्या तोंडात साखर पडो.
ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं.
पुन्हा तीन महिन्यांनी, म्हटलं,
मंगळवार चालेल?