खरवड

संत जोसेफच्या आदल्या दिवशी
आमच्या गल्लीत गाड्यांना बंदी.
डांबरावर वाळू, वाळूवर संत्र्याची लाकडं,
त्यांवर तिवई, आणि तिवईवर
बैलगाडीच्या चाकाएवढी कढई मांडून
चिमो सगळ्यांना दूर हाकलतो.
नाव चिमो, वय अठ्ठ्याहत्तर,
देह दोन खुर्च्यांचा.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं,
कांदा कधी घालायचा?
गल्ली गप्प झाली.
रेमेईनं कपाळापासून छातीपर्यंत क्रॉस काढला,
जणू मी पाएयाबद्दल नाही,
तिच्या धाकट्या मुलीबद्दल काही बोललो होतो.
आमच्याकडे कांद्यापायी सरकारं पडलीत,
हे व्हॅलेन्सियात कुणाला समजवावं?
मी मुकाट्यानं तिचे भोपळ्याचे बुन्युएलो खाल्ले.
घारग्यांची लांबची मावसबहीण. गोड, फुगलेली, फटकळ.

मी टाइल्सच्या कारखान्यात भट्टी बघतो.
किती अंशांवर झिलई वितळते,
कुठल्या मिनिटाला तडा जाईल,
सगळं पडद्यावर आकड्यांत येतं.
चिमोकडे आकडा नाही.
तो वाळूत गुडघे टेकतो
आणि कान लावतो.
भात आधी रस्सा पितो, तेव्हा पुटपुटतो.
मग कुरबुरतो. मग
बारीक, कोरडं, वाळल्या पानावर सरडा पळावा तसं काहीतरी,
आणि चिमो ओरडतो: "आरा!"

आरा म्हणजे आत्ता. लाकडं ओढा.
पण वाळव्यात वाढलेल्या माझ्या कानाला
ते "आरं" असंच ऐकू येतं,
आणि दरवर्षी मी "ओ" देत पुढे होतो,
आणि दरवर्षी धूर माझ्याच डोळ्यांत.
"बिलास येतोच," म्हणतात सगळे.
व त्यांच्या ओठांवर ठरत नाही.

ताटं नसतात. कढईभोवती खुर्च्या,
प्रत्येकाला लाकडी चमचा
आणि समोरची त्रिकोणी फोड.
शेजाऱ्याच्या हद्दीत चमचा घालायचा नाही.
आमच्या गावी हातभर बांधासाठी
तिसरी पिढी कोर्टात हेलपाटे घालते,
इथे भातावर साधी रेघ नाही
आणि कुणी एका शेंगेनं सरकत नाही.

यंदा चिमोच्या उजव्या हाताची खुर्ची
कुणी हलवली नाही.
कोन्सोल नोव्हेंबरात गेली.
फटाक्यांच्या दिवसांत कानांत कापूस कोंबून बसायची,
काही विचारलं की दुप्पट मोठ्यानं बोलायची.
आम्ही सगळे आपापल्या फोडी
मध्याकडे खात गेलो;
तिची तशीच राहिली,
सशाचा तुकडा, रोझमेरीची काडी,
आधी वाफ, मग वाफही नाही.

मग चिमोनं चमचा उलटा धरला,
तिच्या भाताखाली कडेनं घातला, रेटला.
तळाची खरवड सुटून आली,
तळहाताएवढी, तांबूस, कडेला काळी.
सोकाराट म्हणतात इथे.
ती त्यानं उचलली
आणि तीन माणसांच्या हद्दी ओलांडून
माझ्यापुढे ठेवली.

"एक्कावन्न वर्षं," तो म्हणाला,
"ही तिनं मला दिली नाही.
आज मिळाली, तर दात नाहीत."
गल्ली हसली. रेमेई हसता हसता
रुमाल शोधायला लागली.
मी खाल्ली.
कडकड आवाज मलाच फार मोठा वाटला.

दुसऱ्या रात्री चौकातला पुतळा पेटवला,
चार मजली, पुठ्ठ्याचा, मंत्र्याच्या नाकाचा.
बंब आमच्या गॅलऱ्या भिजवत होते.
चिमो खाली आला नव्हता.
त्याच्या खिडकीत दिवा होता, आवाज नव्हता.
ज्वाळा वर गेल्या तसा
फाल्गुनातला जुना हात आपोआप तोंडाशी गेला,
बोंब मारायला.
दाढेत अजून एक कण अडकलेला होता.
मी तोंड मिटूनच घेतलं,
जिभेनं तो चाचपत राहिलो.